नवा टॅबलेट तोच आहे ना? मॉडेल तपासताना या चुका टाळा

‘सॅमसंगचा टॅब एस६ लाइट पाठवा’ एवढंच सांगून ऑर्डर दिली, तर तीन वेगवेगळ्या टॅबलेटपैकी कोणताही एक घरी येऊ शकतो, आणि तिन्ही वेळा दुकानदाराने सांगितलेलं नाव खरंच असतं. २०२० मध्ये या नावाचा टॅबलेट आला, २०२२ मध्ये त्याच नावाने दुसरा आला आणि २०२४ मध्ये तिसरा. स्क्रीन तिघांचीही १०.४ इंचांची, सोबत पेन, शेजारी शेजारी ठेवले तरी पटकन फरक कळत नाही. आत मात्र प्रोसेसर निराळे: पहिल्यात एक्झिनॉस ९६११, दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन, तिसऱ्यात एक्झिनॉस १२८०. पहिला अँड्रॉइड १० घेऊन आला आणि १३ वर थांबला. तिसरा निघालाच १४ घेऊन. मुलीला अकरावी-बारावीसाठी आणि पुढे कॉलेजातही चालावा म्हणून घेतलेला टॅबलेट यातला कोणता, यावर तो किती वर्षं साथ देणार हे ठरतं.

हा फरक नावात नसतो, मॉडेल नंबरात असतो. २०२० चा वाय-फायवाला एसएम-पी६१०, २०२२ चा एसएम-पी६१३ आणि २०२४ चा एसएम-पी६२०. सिमवाले अनुक्रमे पी६१५, पी६१९ आणि पी६२५. पैसे देण्याआधी हा नंबर विचारा, ऑनलाइन घेत असाल तर तो पानावर शोधा, आणि ज्या पानावर तो कुठेच दिलेला नाही तिथून घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावातला ‘प्लस’ सुटतो

गॅलेक्सी टॅब ए९ आणि टॅब ए९ प्लस ही जोडी २०२३ मध्ये आली. फोनवर बोलताना ‘प्लस’ सहज गळून पडतो, पण ए९ ची स्क्रीन ८.७ इंचांची आणि ए९ प्लसची ११ इंचांची. एक हातात धरून वाचायचा, दुसरा टेबलावर ठेवून अभ्यास करायचा. मॉडेल नंबरही वेगळेच: ए९ चा एक्स११० पासून सुरू होतो, प्लसचा एक्स२१० पासून. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास टॅबलेटबरोबरच मागवले असतील तर चूक निदान लगेच उघडी पडते. ‘कव्हर लहान आलं’ म्हणून लोक कव्हर परत पाठवतात. अशा वेळी आधी टॅबलेटचा नंबर पाहा, कव्हर बहुतेक वेळा बरोबरच असतं.

सिमचा कप्पा दिसला म्हणजे सिम चालेल असं नाही

सगळ्यांत जास्त मनस्ताप या चुकीतून होतो. वाय-फायवाल्या बऱ्याच सॅमसंग टॅबलेटच्या कडेला एक छोटा ट्रे असतो. पिनने तो बाहेर येतो, म्हणून घरची मंडळी त्यात सिम बसवून बघतात आणि नेटवर्क येत नाही म्हणून सिम कंपनीला फोन लावतात. तो ट्रे फक्त मेमरी कार्डासाठी असतो.

सॅमसंगमध्ये शेवटचा आकडा बरंच सांगून जातो. साधारणपणे ० म्हणजे फक्त वाय-फाय, ५ म्हणजे फोर-जी, ६ म्हणजे फाइव्ह-जी. उदाहरणार्थ ए९ प्लसचा एक्स२१० वाय-फायवाला, एक्स२१६ फाइव्ह-जीवाला. पण हा नियम डोळे मिटून वापरू नका. वर सांगितलेला पी६१३ वाय-फायवाला आहे आणि पी६१९ सिमवाला, तिथे हा हिशेब चालत नाही.

खात्रीची खूण आयएमईआय. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला हा १५ आकडी नंबर असतो. तो खोक्यावर छापलेला असतो आणि सेटिंग्जमध्येही दिसतो. फक्त वाय-फायवाल्या टॅबलेटला तो नसतोच. त्यामुळे ‘आयएमईआय सापडत नाही’ ही तक्रार असेल तर टॅबलेट बिघडलेला नसतो, तुम्हाला वाय-फायवाला मिळालेला असतो. सिमवाला असेल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा, पुढे आयएमईआय असा मेसेज १४४२२ वर पाठवा. तो नंबर कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलचा आहे ते उत्तरात येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. उत्तरात भलत्याच मॉडेलचं नाव आलं, तर टॅबलेट वापरायला घेऊ नका.

आणखी एक गैरसमज. सिमवाला आयपॅड घेतला की त्यावरून साधे फोन करता येतील असं बऱ्याच जणांना वाटतं. येत नाहीत. सिम तिथे इंटरनेटसाठी असतं. उलट सह्याद्रीत ट्रेकला नकाशा बघायला आयपॅड न्यायचा असेल तर सिमवालाच हवा, कारण फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं.

आयपॅड: दिसायला जुळे, आतून वेगळे

२०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड आणि २०२५ चा ए१६ चिपवाला आयपॅड यांचा सांगाडा जवळपास एकच, रंगही तेच. दुकानात हातात घेऊन कोणालाही फरक सांगता येणार नाही. एक सोपी कसोटी आहे: ए१६ वाला १२८ जीबीपासूनच सुरू होतो. खोक्यावर ६४ जीबी लिहिलं असेल तर तो नवा आयपॅड नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

पक्की खात्री सेटिंग्जमध्ये होते. ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’ उघडा. तिथे मॉडेलचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याखालच्या मॉडेल नंबरवर एकदा बोट टेकवलं की तो बदलून ‘ए’ने सुरू होणारा नंबर दिसतो, आणि तोच टॅबलेटच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. दहाव्या पिढीचा वाय-फायवाला आयपॅड म्हणजे ए२६९६.

बोट टेकवण्याआधी दिसणारा लांबलचक नंबरही वाचून ठेवा. त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर तो दुकानात विकायला काढलेला कोरा माल. एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, एन म्हणजे कोणाला तरी बदली म्हणून दिलेला, पी म्हणजे वर नाव कोरून घेतलेला. नव्याच्या भावात एफ किंवा एन हातात पडला तर ती सरळ फसवणूक आहे. याच नंबराच्या शेवटी, तिरक्या रेषेच्या आधी, एचएन असेल तर तो भारतासाठीचा, एलएल असेल तर अमेरिकेतला. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्यावर एलएल दिसणं स्वाभाविक, पण पुण्यातल्या दुकानातून भारताचं बिल घेऊन आणलेल्यावर तो दिसला तर विचारायला हवं.

पेनच्या बाबतीत जास्तच जपून. चुंबकाने चिकटणारी दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल दहाव्या पिढीच्या आयपॅडवर चालत नाही, ए१६ वर चालत नाही, आणि २०२४ च्या एम२ चिपवाल्या आयपॅड एअरवरही चालत नाही. पेन्सिल जोडली जात नसेल तर ती खराब आहे असं ठरवण्याआधी आयपॅड नेमका कोणता ते बघा.

‘१२८ जीबी म्हणाले, इतकी जागा कुठेय?’

इथे बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप मिळून बरीच जागा आधीच व्यापतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच पंधरा-वीस जीबी भरलेले दिसू शकतात. शिवाय काही ॲप १०२४ च्या हिशेबाने मोजतात, त्यांना ६४ जीबी साठाच्या थोडं खाली दिसतात. एकूण आकडा मात्र बिलाशी जुळला पाहिजे. १२८ च्या जागी एकूण ६४ दिसत असेल तर मॉडेलच चुकलंय.

रॅमची गोष्ट वेगळी आहे. ‘८ जीबी रॅम’ असं मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘४ अधिक ४’ लिहिलेलं असतं. त्यातली दुसरी चार जीबी स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते. ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. बिलावर खरी रॅम किती ते लिहून घ्या.

पूर्णपणे बनावट टॅबलेटमध्ये तर सेटिंग्जमधला आकडाच खोटा असतो. १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज आणि किंमत पाच-सहा हजार, अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. आधीच घेतला असेल तर तीन गोष्टी करून बघा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेसाठीच्या शेवटच्या अपडेटची, तारीख पाहा: अँड्रॉइडचा आकडा नवा आणि पॅच कित्येक वर्षं जुना, हे एकत्र असू शकत नाही. मोठमोठ्या व्हिडिओ फाइल भरा आणि त्या शेवटपर्यंत उघडतात का बघा. खोट्या स्टोरेजवर त्या भरल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. आणि पाठीवर, खोक्यावर किंवा सेटिंग्जमधल्या नियामक माहितीत बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असलेला नंबर शोधा. भारतात टॅबलेट विकायला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर नोंद आहे ते दिसतं.

आधी खातं आणि मग तपासणी, हा उलटा क्रम

टॅबलेट सुरू होताच गुगलचं खातं भरायची घाई होते. अँड्रॉइडवर ती पायरी ओलांडून पुढे जाता येतं. वाय-फायही जोडू नका. थेट सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट टॅबलेट’ उघडा. मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर बिल, खोक्यावरचं लेबल आणि सेटिंग्ज या तिन्ही ठिकाणी एकच हवेत. खोका आणि टॅबलेट यांचे सिरियल नंबर वेगळे असतील तर खोका एकाचा आणि माल दुसऱ्याचा आहे. लेबलवर दुसरं लेबल चिकटवलंय का तेही बघा. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, आणि उत्पादक किंवा आयातदाराचं नाव असणं कायद्याने बंधनकारक आहे. तो मजकूरच नसेल तर माल अधिकृत मार्गाने आलेला नाही, आणि पुढे वॉरंटीसाठी वणवण होते.

खोका उघडण्याआधी मोबाइलवर सलग व्हिडिओ सुरू करा: पार्सलवरचा पत्ता, सील, लेबल, मग आतला टॅबलेट आणि सेटिंग्जमधला नंबर, मध्ये न थांबता. डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडायची सोय निवडता येत असेल तर तीच निवडा. लेबलवरच मॉडेल चुकलेलं दिसलं तर सील फोडूच नका.

चुकीचा निघाला तर

त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. ॲपमधल्या तक्रारीच्या खिडकीतून किंवा ईमेलने, फोनवर नुसतं बोलून नाही. मागवलेला मॉडेल नंबर, मिळालेला मॉडेल नंबर आणि दोन्हींचे फोटो एवढं पुरतं. ‘टॅबलेट स्लो आहे’ असं लिहू नका, ‘मागवलेलं मॉडेल मिळालेलं नाही’ असंच लिहा. कारण पहिल्या तक्रारीवर तंत्रज्ञ येऊन टॅबलेट ठीक असल्याचा शेरा मारून जातो आणि बदलून द्यायची मुदत तेवढ्यात संपते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच पत्रात लिहा.

तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्या वेळी ऑर्डर क्रमांक, बिल आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जवळ असू द्या. निकाल लागेपर्यंत टॅबलेट खोक्यात बंद ठेवा, त्यावर खातं भरू नका आणि स्क्रीनवर काच चिकटवू नका. ‘वापरलेला आहे’ असं म्हणायला विक्रेत्याला तेवढंही पुरतं.