अव्वल कारकुनाच्या टेबलावरून मंडळ अधिकारी म्हणून जाताना करावयाची तयारी

महसूल खात्यात अव्वल कारकून (तहसील कार्यालयातील टेबल सांभाळणारा) आणि मंडळ अधिकारी (गावांच्या एका मंडळाचे महसुली काम पाहणारा) ही समकक्ष पदे असल्यामुळे एकाच तालुक्यात राहूनही कर्मचाऱ्याची एका पदावरून दुसऱ्या पदावर पदस्थापना होते. खाते तेच, तहसीलदार तेच, वेतनही तेच; काम मात्र पूर्णपणे बदलते, आणि हा बदल समजून घेतल्याशिवाय रुजू झालेल्या माणसाची पहिली चूक एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर उमटते. म्हणून आदेश हाती पडल्यापासून नव्या मंडळातील पहिल्या महिन्यापर्यंत काय काय करावे, हे येथे सविस्तर मांडत आहे.

आदेश आधी दोनदा वाचावा. पदस्थापना प्रशासकीय कारणास्तव झाली आहे की स्वतःच्या विनंतीवरून, हे पाहावे, कारण प्रवास भत्त्याचा प्रश्न त्यावरच ठरतो. कार्यमुक्तीचा आदेश आणि रुजू अहवाल यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, सेवापुस्तकात नोंद झाली आणि तिच्यावर स्वाक्षरी झाली हे प्रत्यक्ष पाहूनच पुढे जावे, आणि आहरण व संवितरण अधिकारी (वेतनाची देयके काढणारा अधिकारी) बदलत असेल तर अंतिम वेतन प्रमाणपत्र व सेवार्थ या वेतन प्रणालीमधील बदल यांचा पाठपुरावा त्याच आठवड्यात करावा.

खरी मेहनत आहे ती टेबल सोपवण्यात. सहा गठ्ठा पद्धतीने, म्हणजे कागद सहा प्रकारांत वेगळे करून, दप्तर लावलेले असेल तर कार्यभार यादी तयार करणे सोपे जाते: चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची निकाली प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद. यांपैकी प्रतीक्षाधीन गठ्ठ्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण त्यातील प्रत्येक प्रकरण दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेले असते आणि ते का थांबले आहे हे बहुधा फक्त सोडून जाणाऱ्यालाच ठाऊक असते. कोणाला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या तारखेला पत्र गेले, स्मरणपत्रे किती झाली आणि उत्तर आल्यावर पुढची टिप्पणी काय ठेवायची, हे प्रत्येक प्रकरणापुढे दोन-दोन ओळींत लिहावे. माहितीच्या अधिकारातील अर्जांची वेगळी यादी करून त्यांत ३० दिवसांची मुदत संपण्याची तारीख ठळकपणे नोंदवावी. न्यायालयीन प्रकरणे, विधिमंडळाचे प्रश्न आणि लोकआयुक्तांकडील संदर्भ यांच्या याद्याही अशाच वेगळ्या असाव्यात. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि मोजणीच्या नोंदवह्या यांची पोच लेखी घ्यावी.

एकदा मी स्वतः एका टेबलाचा कार्यभार घाईत घेतला होता. यादीत ४० संचिका लिहिलेल्या होत्या, त्या मी मोजल्या नाहीत आणि स्वाक्षरी करून मोकळा झालो. पुढे त्यांतील एक संचिका अपिलात मागवली गेली, तेव्हा ती दप्तरात नव्हती आणि जबाबदारी यादीवर स्वाक्षरी असलेल्या माणसाची, म्हणजे माझी होती. तेव्हापासून यादीवरील प्रत्येक क्रमांक प्रत्यक्ष संचिकेशी ताडून पाहिल्याशिवाय मी स्वाक्षरी केलेली नाही. कितीही घाई असली तरी नव्या सहकाऱ्यालाही तसे करू द्यावे.

मंडळात रुजू होण्यापूर्वी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० पुन्हा वाचावे. वाद नसलेल्या फेरफार नोंदी (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी) तपासून प्रमाणित करणे हे आता आपले रोजचे काम असणार आहे आणि संबंधितांवर नोटीस बजावल्याखेरीज नोंद प्रमाणित करता येत नाही, हा या कामाचा कणा आहे. टेबलावर असताना आपल्यासमोर पूर्ण झालेली संचिका येत असे. येथे गाव नमुना ६ मधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील, नोंद येते आणि तिच्यामागची नोटीस खरोखर पोहोचली की नाही हे आपल्यालाच पाहावे लागते. नोटिशीवरची स्वाक्षरी कोणाची आहे, बाहेरगावी राहणाऱ्या बहिणीला ती मिळाली आहे का, हरकतीची १५ दिवसांची मुदत पूर्ण झाली आहे का, हे प्रश्न विशेषतः वारस नोंदीत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. हरकत आली असेल तर ती तक्रार नोंदवहीत घेतली गेली आहे ना, हेही पाहावे.

ई-फेरफार प्रणालीतील आपली ओळख नव्या मंडळाशी आणि गावांशी जोडली गेल्याची खात्री पहिल्याच दिवशी करावी, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन कोणाच्याही हाती, अगदी विश्वासू ऑपरेटरच्याही हाती, देऊ नये. आधीच्या अधिकाऱ्याकडून प्रलंबित नोंदींची गावनिहाय यादी मागावी आणि सर्वांत जुन्या नोंदींपासून सुरुवात करावी.

पहिल्या पंधरवड्यात मंडळातील प्रत्येक साज्यात (एका तलाठ्याकडील गावांत) एकदा तरी जावे. तलाठ्यांशी चावडीवर बोलावे, कोतवालाला सोबत घेऊन शिवारात फिरावे, नदीकाठचे आणि नेहमी पाण्याखाली जाणारे जमिनीचे गट नकाशावर खूण करून ठेवावेत. मंडळातील पर्जन्यमापक कोठे बसवलेला आहे आणि त्याची नोंद कोण घेते, हे पाहण्याचा सल्ला मी मुद्दाम देतो, कारण २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांची सारी धावपळ त्या एका आकड्यावरून सुरू होते. पीक कापणी प्रयोग आणि पैसेवारी (पीक किती आले याचा अंदाज) यांची मागील वर्षाची कागदपत्रेही त्याच फेरीत पाहून घ्यावीत.

महिना संपता संपता जुन्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याला स्वतःहून फोन करावा आणि कार्यभार यादीतील कोणते प्रकरण सापडत नाही किंवा कोणती टिप्पणी उलगडत नाही, हे विचारावे. नवा माणूस संकोचाने विचारत नाही आणि तोवर एखाद्या अर्जदाराच्या चार फेऱ्या झालेल्या असतात.