गळासाठी शिशाची वजनं घरीच ओतायची तर

खडकात गळ अडकला की वजन गेलंच, म्हणून मी आता घरीच ओततो. शिसं 327 डिग्रीला वितळतं, साध्या गॅसच्या शेगडीवर होतं, पण काम अंगणात वाऱ्याकडे पाठ करून करायचं, पोरांना लांब ठेवायचं आणि त्या लोखंडी भांड्यात परत कधी काही शिजवायचं नाही म्हणजे नाही. जुन्या बॅटरीचं शिसं घेऊच नका, ॲसिड आणि विषारी वाफा, नको ती कटकट.

सगळ्यात मोठी भीती पाण्याची. साचा जरा जरी ओलसर असला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि गरम शिसं तोंडावर उडतं, त्यामुळे ॲल्युमिनियमचा साचा आधी तापवून कोरडा करा, आत मेणबत्तीची काजळी धरा, तारेचा आकडा बसवा. शिशात मेणाचा छोटा तुकडा टाकला (भडका उडतो, दचकू नका) की मळ वर येतो, तो पळीने काढायचा आणि मग एका दमात ओतायचं, थांबत थांबत नाही. पहिली दोन-तीन सुरकुतलेली निघतात, साचा अजून पुरता तापलेला नसतो म्हणून, ती परत भांड्यात. चष्मा, हातमोजे, बूट पाहिजेतच. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.