फॉर्म भरणारा माणूस कुठल्या साइटवरून आला, ते कसं शोधायचं

दापोलीजवळ कर्द्याला माझ्या आत्याचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, त्याची वेबसाइट मी बघते. एकदा एका लिस्टिंग साइटवाल्यांचा (जिथे होमस्टेंची यादी असते) रिन्युअलसाठी फोन आला, म्हणे आमच्याकडून तुम्हाला भरपूर ट्रॅफिक येतं, आणि आत्याने मला विचारलं की अगं यांचे पैसे भरू का नको. साइटवर किती लोक आले ते मला दिसत होतं, पण त्यातल्या कोणी इन्क्वायरी फॉर्म भरला ते दिसत नव्हतं आणि आत्याला कामाचं तेवढंच होतं. मग बसून जे जे लावलं ते सगळं लिहितेय. क्लास, क्लिनिक, केटरिंग, कुणाचाही फॉर्म असो, हेच चालतं.

आधी एक गोष्ट. दुसऱ्या साइटवरच्या लिंकवर क्लिक करून कोणी तुमच्याकडे आलं की ब्राउझर तुमच्या साइटला सांगतो की हा माणूस अमुक ठिकाणाहून आलाय, त्याला रेफरर म्हणतात. (१९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि साइट ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या, कागदपत्रात या शब्दाचं स्पेलिंगच चुकलं, एक आर कमी पडला आणि तो आजतागायत तसाच आहे, म्हणून कुठे एक आर कुठे दोन दिसले तर गोंधळू नका, दोन्ही एकच.) पण २०२० पासून क्रोम बाय डिफॉल्ट फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, सांगतो, त्या साइटवरचा नेमका कुठला लेख ते सांगत नाही. आणि व्हॉट्सॲप, एसएमएस, पीडीएफ इथून आलेल्याचं तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही, तो सरळ रिपोर्टमधल्या 'डायरेक्ट' मध्ये जाऊन पडतो. आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवरच फिरतं, त्यामुळे हा डायरेक्टचा ढीग मोठा होतो आणि त्यातून काहीही हाती लागत नाही.

म्हणून जिथे जिथे लिंक तुमच्या हातात आहे तिथे यूटीएम लावा. म्हणजे काय, तर माणूस कुठून आला ते सांगणारी खूण लिंकलाच जोडायची: तुमच्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग यूटीएम अंडरस्कोर सोर्स, बरोबरचं चिन्ह आणि त्या जागेचं नाव. त्यापुढे ॲम्परसँड टाकून तसंच मीडियम (कुठल्या प्रकारची जागा) आणि कॅम्पेन (कुठल्या मोहिमेसाठी). इंस्टाच्या बायोला वेगळी लिंक, व्हॉट्सॲपला वेगळी, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या जागी वेगळी, ही तर नक्की बदला, नाहीतर मॅपवरून आलेले आणि साध्या सर्चमधून आलेले एकाच नावाखाली मिसळतात. कोणी ब्लॉगर तुमच्याबद्दल लिहिणार असेल तर त्याला आधीच तुमची तयार लिंक द्या, नंतर कोणी बदलून देत नाही. सगळं इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा, कारण फेसबुकचा एफ एकदा कॅपिटल आणि एकदा स्मॉल असला की रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी होतात. आणि स्वतःच्या साइटच्या आतल्या लिंकना यूटीएम अजिबात लावू नका, माणूस होमपेजवरून खोल्यांच्या पानावर गेला की मूळ सोर्सची वाट लागते.

आता मोजणी. फॉर्म सबमिट झाला की वेगळ्या थँक यू पेजवर न्या, त्याच पानावर हिरव्या अक्षरांत 'धन्यवाद' दाखवून थांबू नका. गूगल ॲनालिटिक्स ४ (साइटवर कोण कुठून आलं, काय केलं ते मोजणारं गूगलचं साधन) मध्ये फॉर्म सबमिट नावाचा इव्हेंट, म्हणजे माणसाने काही केल्याची नोंद, आपोआप मिळतो खरा, पण पान रिलोड न होता जाणारे बरेच फॉर्म त्याला नीट कळत नाहीत, माझा भरवसा थँक यू पेजवरच. ॲडमिनमध्ये जाऊन नवीन इव्हेंट बनवा, अट अशी की पेज व्ह्यू झाला आणि पत्त्यात थँक यू पेजचं नाव आहे, आणि त्याला की इव्हेंट, म्हणजे महत्त्वाचा इव्हेंट, म्हणून मार्क करा (२०२४ च्या आधी यालाच कन्व्हर्जन म्हणायचे). मागचे आकडे यात येत नाहीत, लावलं तिथून पुढेच मोजतं, म्हणून सीझनच्या आधी लावा. मग ॲक्विझिशनमधला ट्रॅफिक ॲक्विझिशनचा रिपोर्ट उघडायचा, वर सेशन सोर्स मीडियम निवडायचं आणि की इव्हेंटच्या रकान्यात आपला इव्हेंट. एक-दोन दिवस आकडे यायला लागतात, लगेच बघायचं तर रिअलटाइमचा रिपोर्ट. थँक यू पेजला नोइंडेक्स करा, म्हणजे ते सर्चमध्ये येणार नाही, आणि त्याच्या पत्त्यात माणसाचं नाव, फोन, ईमेल येत नाहीये ना ते बघा, असली खासगी माहिती ॲनालिटिक्समध्ये पाठवायची नसते. ॲडव्हान्स ऑनलाइन घेत असाल तर पेमेंट गेटवेचं (जिथे जाऊन माणूस पैसे भरतो त्या साइटचं) डोमेन अनवॉन्टेड रेफरल्सच्या यादीत टाका, नाहीतर कधीकधी श्रेय त्या गेटवेलाच जातं.

पण खरं काम याच्या पुढचं आहे आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. ॲनालिटिक्स सांगतं की अमुक साइटवरून तीन फॉर्म आले, पण कुठले तीन? त्यातल्या कोणी खोली घेतली? त्यासाठी सोर्स हा फॉर्मसोबतच यायला हवा, नाव आणि फोनच्या शेजारी. फॉर्ममध्ये एक हिडन फील्ड टाका, भरणाऱ्याला दिसत नाही पण तुमच्या ईमेलमध्ये येतं. वर्डप्रेसवर कॉन्टॅक्ट फॉर्म ७ असेल तर हिडन टॅगला यूटीएम सोर्स हेच नाव द्या आणि डिफॉल्ट गेट लिहा, पत्त्यात लिहिलेलं सोर्सचं नाव आपोआप उचललं जातं.

फक्त यात एक गोची आहे. माणूस लिंकवरून होमपेजवर येतो, फोटो बघतो, रेट बघतो आणि मग कॉन्टॅक्टच्या पानावर जातो, तोपर्यंत पत्त्यातला यूटीएम गेलेला असतो आणि फील्ड रिकामं येतं. म्हणून साइटच्या प्रत्येक पानावर छोटी स्क्रिप्ट लागते, जी पहिल्या पानावरच यूटीएम आणि रेफरर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (त्या माणसाच्याच ब्राउझरमधल्या साठवणीच्या जागेत) लिहून ठेवते आणि फॉर्मच्या पानावर तिथून काढून हिडन फील्डमध्ये भरते. साइट बनवून देणाऱ्याला हेच वाक्य वाचून दाखवा, त्याला कळेल. सोबत एवढं सांगा की रेफरर आपलंच डोमेन असेल तर जुनी नोंद पुसायची नाही. आणि साइटच्या प्रायव्हसी पेजवर याची एक ओळ टाका, लोकांना माहीत असायला हवं.

गूगल फॉर्म वापरत असाल तर हिडन फील्ड नसतं. तिथे शेवटी एक छोटा प्रश्न ठेवा, 'संदर्भ, हे असंच राहू द्या', आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून प्री-फिल्ड लिंक काढून त्यात आधीच 'इंस्टा' किंवा 'ब्लॉग' भरून ठेवा. प्रत्येक जागेला वेगळी लिंक. उत्तर थेट शीटमध्ये येतं.

झालं की मोबाइलवर इनकॉग्निटोमध्ये प्रत्येक लिंक स्वतः उघडा, दोन पानं फिरा, मग फॉर्म भरा. तेही वायफाय बंद करून. घरच्या लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका, गिऱ्हाईक मोबाइलवरूनच येतं.

आमच्या शीटमध्ये आता तारीख, नाव, सोर्स आणि शेवटी 'आले का' असा रकाना आहे, तो आत्या स्वतः भरते. फॉर्म न भरता जे थेट फोन करतात त्यांना ती बोलता बोलता विचारते की आमचं कुठे बघितलंत, आणि तेही त्याच शीटमध्ये जातं. लिस्टिंगवाल्यांच्या नावापुढे फॉर्म होते, पण 'आले का' मध्ये बहुतेक सगळे नाही. एका पक्षीनिरीक्षकाच्या छोट्या ब्लॉगवरून मोजकेच फॉर्म येतात, पण ते लोक खरंच येतात, दोन-तीन रात्री राहतात. रिन्युअल केलं नाही. त्या ब्लॉगवाल्यांना आत्याने आमसुलं पाठवली.