'सॅमसन ॲगोनिस्टीज' अभ्यासायला घेताना

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात सतराव्या शतकातील कवी जॉन मिल्टनचे 'सॅमसन ॲगोनिस्टीज' (1671) समोर आले, की बहुतेक विद्यार्थी थेट टीकाग्रंथ उघडतात. हे पद्यनाटक शिकताना आणि पुढे शिकवताना मला उपयोगी पडलेला क्रम वेगळा आहे. आधी बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाचे 13 ते 16 हे अध्याय मराठीत वाचावेत. तिथे नायकाचे नाव शमशोन असे आढळेल. मग मिल्टनची छोटी प्रस्तावना वाचावी. ॲरिस्टॉटलच्या भावविरेचनाचा (शोकांतिका करुणा आणि भीती जागवून त्यांचा निचरा करते, या विचाराचा) आधार घेऊन तो एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या ग्रीक शोकांतिकाकारांना आदर्श मानतो, आणि हे नाटक रंगभूमीसाठी नसल्यामुळे त्याचे अंक पाडलेले नाहीत, असेही सांगतो.

सारे कथानक गाझातील तुरुंगासमोर एका दिवसात घडते. शत्रू पलिष्ट्यांच्या कैदेतल्या आंधळ्या सॅमसनला भेटायला आधी त्याच्याच वंशातील लोकांचा कोरस (एकत्र बोलणारा समूह) येतो, मग बाप मनोआ, दगा दिलेली बायको दलीला, राक्षसी देहाचा हराफा आणि शेवटी सरकारी अधिकारी. या नाटकाला आरंभ आणि शेवट आहे, पण मध्य नाही, हा इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनचा 1751 मधला आक्षेप परीक्षेत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर बाहेरच्या घटनांत शोधू नये. प्रत्येक भेटीनंतर सॅमसनच्या बोलण्याचा सूर कसा पालटतो, हे टिपत जावे. आरंभी मरण मागणारा हाच माणूस हराफाला द्वंद्वाचे आव्हान देतो, आणि पलिष्ट्यांच्या उत्सवात खेळ करून दाखवायला साफ नकार दिल्यानंतर थोड्याच ओळींत, अंतःप्रेरणा जाणवल्याचे सांगून, जायला तयार होतो. मला तर हाच या नाटकाचा मध्य वाटतो.

सर्वाधिक वेळ मात्र दूताच्या निवेदनाला द्यावा: उत्सवात सॅमसनने खांब पाडून पलिष्ट्यांसह स्वतःचाही अंत कसा केला, हे तो सांगतो. ग्रीक शोकांतिकेतील भीषण मृत्यू बहुधा प्रेक्षकांच्या नजरेआड होतो आणि दूत त्याची हकीकत सांगतो. मिल्टनने हा संकेत पाळला आहे. 'शास्ते' 16:28–30 शेजारी ठेवून वाचले म्हणजे फरक स्पष्ट दिसतो. बायबलमधला शमशोन आपल्या डोळ्यांचा सूड घेण्यासाठी देवाकडे बळ मागतो. मिल्टनचा दूत एवढेच सांगतो, की खांबांना धरून तो मान खाली घालून उभा होता, जणू प्रार्थना करत असावा किंवा मनात काही मोठा विचार घोळवत असावा. ती कृती ईश्वरी प्रेरणेची की सूडाची, हा वाद या मौनामुळेच धगधगता राहिला आहे. नाटकाची अभिजात घडण केवळ पांडित्याचा थाट नसून आशयाचाच भाग आहे, याची माझी खात्री याच ओळींनी पटवली.

जोडीला एस्किलसच्या नावावर असलेले 'प्रॉमिथ्यूस बाउंड' वाचावे, कारण तिथेही जखडलेल्या नायकाकडे एकेक जण येऊन जातो. वेळ एकाच नाटकापुरता असेल, तर सोफोक्लीसचे 'ईडिपस ॲट कोलोनस' घ्यावे: आधार घेत प्रवेश करणारा अंध नायक आणि त्याच्या अंताचे दूतमुखाने आलेले वर्णन, या दोन्ही गोष्टी तिथे आहेत.