आर्टिस्टिक स्केट्स घेताना या चुका टाळा

कोकणात आर्टिस्टिकचे, म्हणजे उड्या आणि गिरक्यांच्या (स्पिन) रोलर स्केटिंगचे, स्केट्स बहुधा मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवले जातात. पायात घालून बघायची सोय नसते, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते.

"वाढतं वय आहे, एक नंबर मोठा घ्या." हे अजिबात करू नका. बुटात टाच उचलली जाऊ लागली की स्केटरला स्केटच्या कडेवर तोल धरता येत नाही, उडी मारून उतरताना घोटा कलतो. दोन मोजे चढवून ढिलेपणा जात नाही, फक्त झाकला जातो. माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडा फुगलेला असतो. पातळ मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून, पायावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं आणि कागदावर लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवायची. दोन्ही पायांची. जो पाय मोठा भरेल त्याचं माप कंपनीच्या तक्त्याशी जुळवा; शाळेच्या बुटाचा नंबर इथे कामाचा नाही. बूट बरोबर असेल तर सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे येतात. लेस घोट्यापाशी घट्ट आणि अगदी वर जरा सैल हवी, नाहीतर गुडघा पुढे वाकतच नाही.

बजेट कमी असेल तर पैसा आधी बुटात घाला. चाकं नंतर बदलता येतात, बुटाचा मऊ पडलेला घोटा बदलता येत नाही. स्पीडची इनलाइन्स (एका रांगेत चाकं असलेले स्केट्स) "चालतील" म्हणून घेऊ नका. इनलाइन आर्टिस्टिक हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला पुढे स्टॉपर (टेक द्यायचा ठोकळा) असलेली खास फ्रेम लागते.

चाक मात्र जमीन बघूनच ठरवा. ते किती कडक आहे हे त्यावरच्या आकड्यावरून कळतं: ७८ए ते ८५ए मऊ, नव्वदीच्या पुढे कडक. शाळेच्या अंगणातल्या खडबडीत काँक्रीटवर कडक चाक थरथरतं आणि झिजतं, तिथे मऊच हवं. हॉलमधल्या गुळगुळीत कोब्यावर मऊ चाक चिकटतं. स्पिन मधेच थांबतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. पॉलिश केलेल्या फरशीवर कडक चाक घसरत असेल तर एक पायरी मऊ घ्या. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, तेव्हा दोष चाकाला देण्याआधी फरशी कोरड्या फडक्याने पुसा. उड्या-स्पिनसाठी साधारण ५७ मिमीचं चाक वापरतात, फिगर्ससाठी (जमिनीवर आखलेल्या वर्तुळांवरून स्केटिंग) ६० ते ६३ मिमीचं.

बेअरिंग मागवताना हमखास घोळ होतो. ६०८ आणि ६२७, दोन्हींचा बाहेरचा व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी, त्यामुळे दोन्ही एकाच चाकात बसतात. पण ६०८चं भोक ८ मिमी आणि ६२७चं ७ मिमी असतं. ८ मिमीच्या ॲक्सलवर (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) ६२७ चढतच नाही, आणि ७च्या ॲक्सलवर ६०८ चढलं तरी डुगडुगतं. आधी ॲक्सल मोजा. बेअरिंगवरचा एबेकचा मोठा आकडा बघून जादा पैसे देऊ नका. तो अचूकतेचा दर्जा आहे, वेगाचा नाही.

स्केट एका बाजूला ओढतोय? आधी नट बघा: चाक थांबेपर्यंत आवळा, मग पाव फेरा सैल करा, म्हणजे चाक बाजूला अगदी किंचित हलेल. तरी ओढत असेल तर चाकांची अदलाबदल करा. तरीही फरक नाही, तर ट्रकमधले (ॲक्सल धरणाऱ्या भागातले) रबरी कुशन एकसारखे दबलेत का ते पाहा. हे सगळं ठीक असेल तर बुटाखालची प्लेटच तिरकी बसली आहे, आणि ती बसवणाऱ्याकडेच न्यायला हवी.

स्टॉपर फार खाली असला तर पाय ढकलताना जमिनीला लागून अडखळायला होतं. फार वर असला तर टो-जंपला (स्टॉपर टेकवून मारायच्या उडीला) टेकच मिळत नाही. थोडा थोडा फिरवून, प्रत्येक वेळी दोन-चार उड्या मारून बघा, आणि शेवटी त्याचा लॉक घट्ट करा.

राहिली खारी हवा. किनाऱ्यालगत बेअरिंग लवकर गंजतं. पाण्याने धुऊ नका. झाकण काढून रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंबच सोडा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरून चिकट होतं. सरावानंतर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले की दोन दिवसांत बुरशी येते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. वाळल्यावर प्लेटचे स्क्रू हाताने तपासा. चामड्याचा सोल ओल धरतो, आणि तो सुकला की स्क्रू ढिले होतात.