रिमला रंग मारा, बैठकीला नको

गेल्या उन्हाळ्यात गाडीचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडून ब्रेक लावणारे भाग, लाल केले, रिमा काळ्या केल्या. गल्लीत दोघांनी थांबून बघितलं, म्हणजे काम जमलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोहोळकडे निघालो, काटा ८०च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. चाकांचं बॅलन्सिंग केलं, दोन दिवसांनी पुन्हा केलं. थरथर तशीच. शेवटी चाक काढलं, तर हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर एका बाजूला रंगाचा ओघळ वाळून बसलेला.

म्हणून ही यादी. जॅक, पाना, वायर ब्रश, पॉलिश पेपर तुमच्याकडे असेलच. उचललेली गाडी टेकवायला घोडी मात्र हवीच, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका. मास्किंग टेप दोन रोल आणा. मी एकच आणला, तो कॅलिपरवरच संपला, आणि उरलेल्या जागेला "हात सांभाळून मारू" म्हटलं. हात सांभाळत नाही. स्प्रे कुठेही जातो.

टेप आधी कुठे लावायची? बैठकीवर. चाक, ब्रेकची डिस्क आणि हब एकमेकांना जिथे चिकटून बसतात तिथे. हबचं तोंड, डिस्कच्या मधल्या वाटीच्या दोन्ही बाजू, रिमची मागची सपाट बाजू, आणि नट बसतात ते तिरके खळगे. मागे ड्रम असतील तर ड्रमचं तोंडसुद्धा. हे सगळं उघडं लोखंड नाहीतर उघडं अॅल्युमिनियमच राहिलं पाहिजे. फिरताना डिस्कला चालणारा डगमगपणा बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. रंगाचे दोन-तीन हात तेवढेच जाड होतात. शिवाय हबचं तोंड लहान, रिम मोठी, त्यामुळे आत एका बाजूला आलेला फरक रिमच्या कडेला दुपटीहून जास्त दिसतो. तिथे बॅलन्सिंगचं शिशाचं वजन चिकटवून काय होणार? खळग्यातला रंग तर आणखी वाईट: गाडी चालली की तो दबतो आणि घट्ट केलेला नट सैल होतो. जुना गंजही तोच घोळ करतो, तोही खरवडून काढा.

बैठकीवर टेप लावली? बोट फिरवून परत बघा.

आता सफाई. डिझेलने पुसू नका, तेलकट थर राहतो आणि रंग सोलून निघतो. ब्रेक क्लीनर वापरा. आणि आपल्या सोलापुरात घरोघरी टॉवेल, तोच हाताला येणार. त्याचे धागे ओल्या रंगात अडकतात. जुनं, बऱ्याचदा धुतलेलं धोतर घ्या. कॅलिपरला जास्त उष्णता सोसणाराच रंग हवा, कपाटाचा उरलेला इनॅमल नको. पिस्टनचं रबर, ब्रेकमधली हवा काढायच्या ब्लीडरचं टोक, सरकणाऱ्या पिना, पॅड आणि डिस्कचा घासणारा भाग झाका. कॅलिपर सोडला तर तारेने बांधा, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होजवर) लोंबकळू देऊ नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पुसा.

मे महिन्यात दुपारी अजिबात नको. पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आत सुकतो, आणि धूळ बसते ती वेगळीच. सकाळी सातला सुरू करा. पातळ हात मारा, मध्ये थांबा. एकाच जाड हातात उरकलं म्हणूनच माझा ओघळ आला, आणि कुठे आला ते सांगितलंच आहे.

वाळू द्या, घाई नको, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ. मग टेप काढा. बैठक परत बघा. ठिपका दिसला तर पॉलिश पेपरने घासून काढा.

जोडताना नट समोरासमोरचे, आधी हाताने, मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोराने घट्ट. निघण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून ब्रेक येतो का पाहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर डिस्क बघा. ब्रेक न दाबताही येत असेल तर बॅलन्सिंगवाल्याकडे जाऊ नका, चाक काढा आणि बैठक बघा.