एकेचाळीस पुस्तकांचं डिस्कवर्ल्ड: नाशिककराने पहिलं कोणतं उचलावं

ब्रिटिश विनोदी लेखक टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ साली आली आणि शेवटची २०१५ साली, लेखक गेल्यावर काही महिन्यांनी. तबकडीसारखं चपटं जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं, अशी एकूण मांडणी. कूर्मावतार आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या वाचकाला यात बिचकण्यासारखं काही नाही. बिचकायला होतं ते ४१ या आकड्याने. मग माणूस शहाणपणा करून पहिल्या क्रमांकाचं पुस्तक उचलतो आणि साठ-सत्तर पानांवर ते मिटून ठेवतो.

दोष वाचकाचा नसतो. ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे पहिलं पुस्तक त्या आधीच्या तलवारी-जादूच्या इंग्रजी कादंबऱ्यांची टर उडवतं. त्या कादंबऱ्या तुम्ही वाचलेल्या नसतील, तर कोणाला चिमटा काढलाय हेच कळत नाही. शिवाय ते चार सुट्या प्रकरणांचं आहे आणि ऐन मोक्याच्या क्षणी संपतं. पुढची गोष्ट ‘द लाइट फँटास्टिक’मध्ये (१९८६) आहे. तरीही क्रमानेच जायचं असेल तर ही दोन्ही एकदम आणा, एकटं पहिलं आणू नका.

एक मात्र इथून घ्यायचं: या मालिकेतलं जवळपास प्रत्येक पुस्तक कशाची तरी फिरकी घेतं. पोलीस, टपाल, वर्तमानपत्र, नाटक, सिनेमा, धर्म, बँक. ज्याची फिरकी घेतली आहे ते तुमच्या ओळखीचं असेल, ते तुमचं पहिलं पुस्तक. मालिकेतला क्रमांक नंतर बघू. आणि या हिशेबाने नाशिककराला बरीच दारं उघडी आहेत.

घरात कोणी ‘प्रेस’मध्ये असेल, तर

टपाल तिकिटं आणि नोटा छापणारं गाव म्हणून नाशिकरोडची ओळख १९२० च्या दशकापासून आहे. तिकिटाचा कागद, नोटेवरची बारीक नक्षी, नकली कशी ओळखायची, हे विषय तिथल्या घरांत जेवताना निघतात. अशा वाचकाने ‘गोइंग पोस्टल’ (२००४) पासून सुरुवात करावी. मालिकेत ते ३३ वं आहे, म्हणून घाबरू नका. त्याचा नायक, मॉइस्ट फॉन लिपविग नावाचा ठग, याच पुस्तकात पहिल्यांदा येतो. त्याला फाशी होते, पण जीव जाऊ न देता, आणि पाठोपाठ अंख-मॉर्पोर्क शहराचा सत्ताधीश व्हेटिनारी त्याच्यावर बंद पडलेलं टपाल खातं चालवायची जबाबदारी टाकतो. इमारतीत न वाटलेल्या पत्रांचे ढीग, कर्मचारी जेमतेम, आणि समोर मनोऱ्यांवरून झटपट संदेश पाठवणारी खाजगी कंपनी. या माणसाला टपाल तिकीट सुचतं. मग लोक तिकिटंच पैशासारखी वापरायला लागतात, आणि तो धागा ‘मेकिंग मनी’त (२००७) बँक आणि कागदी नोटांपर्यंत जातो.

नवख्यासाठी हे सोयीचं असण्याचं आणखी एक कारण आहे. प्रॅचेटच्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नसतात, मजकूर सलग चालतो. ‘गोइंग पोस्टल’मध्ये प्रकरणं आहेत, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळतं. तोटा एवढाच की शहराचे पोलीस आणि इतर जुनी मंडळी यात येऊन-जाऊन असतात आणि तोवर त्यांचं बरंच काही घडून गेलेलं असतं. कथेला त्याने अडत नाही.

‘राजमुकुट’ वाचलं असेल, तर

शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ म्हणजे शेक्सपिअरचा मॅक्बेथ. ते वाचलेल्या किंवा पाहिलेल्या माणसाला ‘वर्ड सिस्टर्स’ (Wyrd Sisters, १९८८, सहावं) हातात घेताच घरचं वाटतं. माळरान, वादळ, तीन चेटकिणी; एक घोगऱ्या आवाजात विचारते, आपण तिघी पुन्हा केव्हा भेटायचं? थोडं थांबून दुसरी साध्या आवाजात सांगते, मला पुढच्या मंगळवारी जमेल. हा विनोद आवडला तर पुस्तक तुमचं. राजाचा खून करून गादीवर बसलेला ड्यूक इथे आहे, हाताचं रक्त जात नाही म्हणून तो हात सोलवटून निघेस्तोवर घासत बसतो. चेटकिणींची बदनामी करण्यासाठी तो नाटक कंपनीला सुपारी देतो आणि मग रंगमंचावरचं खरं की मंचाबाहेरचं, असा घोळ सुरू होतो. हौशी नाटकात पडदा ओढलेल्या माणसालाही यात बरंच सापडेल.

या चेटकिणींमधली ग्रॅनी वेदरवॅक्स आधी ‘ईक्वल राइट्स’मध्ये (१९८७) येते, पण तिथे ती अजून नीट घडलेली नाही. ते पुस्तक नंतर वाचलं तरी काही बिघडत नाही.

दादासाहेब फाळक्यांच्या गावात राहून सिनेमाचं वेड असेल तर ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९९०) घ्या. हाताने दांडा फिरवायचे कॅमेरे, आत बसून भराभर चित्रं काढणारी भुतं, आणि सगळं सोडून नट व्हायला धावलेली माणसं. स्वतंत्र पुस्तक आहे. मालिकेतल्या उत्तम पुस्तकांत आम्ही ते धरत नाही, मध्ये रेंगाळतं.

‘स्मॉल गॉड्स’ (१९९२, तेरावं) मात्र उत्तमांतलं उत्तम. एका बलाढ्य धर्माचा देव पृथ्वीवर उतरतो, तो कासवाच्या रूपात अडकतो, कारण देवळं, पुरोहित, सैन्य सगळं असूनही त्याच्यावर मनापासून श्रद्धा ठेवणारा एकच साधाभोळा पोरगा उरलेला असतो. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला वळसा घालून दर्शन घेणाऱ्यांना आणि सिंहस्थाची गर्दी जवळून पाहिलेल्यांना हा प्रश्न परका नाही. आधीचं काही वाचलेलं असण्याची गरज नाही. मालिकेतलं एकच पुस्तक वाचणार असाल तर हे. फक्त यात हशा कमी आणि विचार जास्त आहे. केवळ हसायला पुस्तक शोधणाऱ्याला पहिलं म्हणून देऊ नका.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९, आठवं). पोलीस चौकी सगळ्यांना माहीत असते. दारूत बुडालेला कॅप्टन व्हाइम्स, हाताखाली दोन कामचुकार शिपाई, त्यात कायद्याचं पुस्तक पाठ करून आलेला सहा फुटी नवा पोरगा, आणि शहरात ड्रॅगन. इथली अंख नदी इतकी दाट आहे की ती वाहते असं म्हणणं धाडसाचं. उन्हाळ्यात पाणवेलींनी झाकलेली गोदावरी पाहिलेल्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

यांच्यापासून सुरुवात नको

‘नाइट वॉच’ (२००२) सर्वोत्तम पुस्तकांच्या यादीत हमखास वर असतं, म्हणून लोक तेच आधी मागवतात. त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे, स्वतःच्या तरुणपणीच्या शहरात जाऊन पडतो. त्याने काय कमावलंय आणि काय गमवायची भीती आहे, हे पोलिसांची आधीची पाच पुस्तकं वाचल्याशिवाय पोचत नाही. ‘रेझिंग स्टीम’ (२०१३) आगगाडीवर आहे, विषय मोहात पाडतो, पण त्यातलं बुटक्यांचं राजकारण ‘द फिफ्थ एलिफंट’ आणि ‘थड!’मध्ये शिजलेलं असतं.

‘द वी फ्री मेन’वर (२००३) मुलांसाठीचं पुस्तक असा शिक्का आहे, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्याला सोपं म्हणून तेच सुचवलं जातं. उलट होतं. त्यातले निळे बुटके स्कॉटिश वळणाचं इंग्रजी बोलतात, शब्द उच्चाराबरहुकूम छापलेले आहेत आणि डिक्शनरीत सापडत नाहीत. हे पुस्तक ऐकायचं. नाहीतर मोठ्याने वाचायचं.

विकत घेताना

मुखपृष्ठावर चित्रं भरपूर असतील आणि पुस्तक अंगाने बारीक असेल तर आत उघडून बघा. ‘मॉर्ट’ आणि ‘गार्ड्स! गार्ड्स!’ यांच्या चित्रकथा निघाल्या आहेत, काही कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरं त्याच नावाने विकली जातात. ऑनलाइन मागवताना ही चूक नेहमी होते. पानांची संख्या तपासा. पेपरबॅक कादंबरी साधारण ३०० ते ४०० पानांची असते, नाटकाची प्रत त्याहून पुष्कळ कमी. ‘द सायन्स ऑफ डिस्कवर्ल्ड’, नकाशे, डायऱ्या ही पूरक पुस्तकं, ती नंतर. कॉलेज रोडच्या दुकानात नसेल तर नाव आणि सालासकट मागणी नोंदवा, नुसतं ‘डिस्कवर्ल्ड’ सांगितलं तर कोणताही भाग येऊ शकतो. सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात लेखकाच्या आडनावाने चौकशी करा.

फुकटच्या पीडीएफ टाळा. चोरीचा मुद्दा आहेच, शिवाय वाचनाचाही आहे. प्रॅचेटचे अर्धे विनोद तळटीपांत असतात. स्कॅन करून बनवलेल्या फायलीत तळटीप वाक्याच्या मध्येच घुसते. मृत्यू हे पात्र अवतरणचिन्हांशिवाय, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत बोलतं. ती अक्षरं साधी झाली तर कोण बोलतंय हेच कळत नाही. विकतच्या ई-बुकात तळटीपेच्या खुणेवर बोट ठेवलं की टीप उघडते. ती लगेच वाचा, पुस्तकाच्या शेवटी साठवून वाचायची ती गोष्ट नाही. ऐकणाऱ्यांनी पेंग्विनची नवी ध्वनिपुस्तकं घ्यावीत: तळटीपा बिल नाय (Bill Nighy) हा नट वेगळ्या आवाजात वाचतो, त्यामुळे टीप कुठे सुरू झाली, कुठे संपली ते कानाला कळतं.

वाचताना

इंग्रजीत तासाला पंचवीस पानं होत असतील तर एक पुस्तक बारा ते सोळा तासांचं. रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन-येऊन करणाऱ्याचं आठवड्यात सहज होईल, डुलकी धरून. प्रकरणं नसलेल्या पुस्तकात दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा शोधा, तिथे थांबा. मध्येच मिटलं तर दुसऱ्या दिवशी कोण कुठे होतं ते आठवत नाही, कारण तीन-चार कथा आलटून पालटून चालतात.

प्रत्येक विनोद पकडायचा हट्ट नको. दर ओळीला फोन काढून शोधलं की गोष्टीची लय जाते. साठ पानांपर्यंत पुढे काय होईल याची उत्सुकता लागली तर चाललंय ते बरोबर. नसेल लागली तर पुस्तक बदला, वर सांगितलेल्यांतलं दुसरं घ्या.

पुढचं पुस्तक

क्रम सगळ्यात जास्त महत्त्वाचा पोलिसांच्या आठ पुस्तकांत: ‘गार्ड्स! गार्ड्स!’, ‘मेन ॲट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’, ‘जिंगो’, ‘द फिफ्थ एलिफंट’, ‘नाइट वॉच’, ‘थड!’, ‘स्नफ’. लग्न, बढत्या, मरणं, सगळं एकावर एक रचलेलं आहे. चेटकिणींच्या बाबतीत ‘वर्ड सिस्टर्स’नंतर ‘विचेस अब्रॉड’ आणि मग ‘लॉर्ड्स अँड लेडीज’, एवढं तरी पाळा. मृत्यूच्या पुस्तकांत ‘मॉर्ट’ (१९८७) आधी, कारण मॉर्टचं पुढे काय झालं ते ‘सोल म्युझिक’ सुरुवातीलाच सांगून टाकतं. ‘गोइंग पोस्टल’ने सुरुवात केलेल्यांनी ‘मेकिंग मनी’ वाचून झालं की मागे वळून पोलिसांकडे जावं आणि ‘थड!’ झाल्यावरच ‘रेझिंग स्टीम’ घ्यावं.

‘द शेफर्ड्स क्राउन’ हे ४१ वं पुस्तक सेलमध्ये स्वस्त मिळालं तर घेऊन ठेवा, पण उघडू नका. त्याच्या सुरुवातीलाच जे घडतं, ते चेटकिणींची सगळी आणि ‘द वी फ्री मेन’ची नायिका टिफनी हिची आधीची चार पुस्तकं झाल्यावर वाचायचं आहे.